रिकाम्या सिंहासनाचा मुहूर्त

एक होता राजा. म्हणजे अजून व्हायचा होता, बरं का. त्याचं नाव सुधन्वा. वडील देवाघरी गेले होते आणि सिंहासन रिकामं होतं. मागे उरली होती आई, तिला सगळे आऊसाहेब म्हणत. आणि एक धाकटी बहीण, कुमुद. तुमच्याएवढीच असेल.

आता, माणसाची जशी जन्मवेळ असते, तशी राज्याचीही असते. राजा सिंहासनावर टेकतो ना, तो क्षण. त्या क्षणाची कुंडली मांडायची आणि पुढचं राज्य कसं होईल ते बघायचं. ते काम नरहरीशास्त्र्यांचं. त्यांनी रात्रंदिवस गणित केलं आणि एक क्षण शोधून काढला.

"महाराज, असा मुहूर्त शंभर वर्षांत आला नाही. या क्षणी जो बसेल त्याचा शब्द या राज्यात कुणालाच मोडता येणार नाही."

"जो बसेल म्हणजे?" सुधन्वा हसला. "मीच बसणार. आणखी कोण बसणार आहे?"

मग तो दिवस उजाडला. चौघडा वाजू लागला, लोक फुलं घेऊन उभे राहिले. शास्त्रीबुवा पाण्यात सोडलेल्या वाटीवर डोळे लावून बसले. त्या वाटीच्या तळाला बारीक भोक असतं. वाटी भरून बुडाली की वेळ झाली.

सुधन्वा शेवटच्या पायरीपर्यंत आला आणि थांबला.

"आरसा आणा," तो म्हणाला. "मिशी एका बाजूला वाकलीय."

हसू नका. नुकती फुटलेली मिशी होती, तिचं कौतुक असतं माणसाला. पण तेवढ्यात वाटी बुडाली. डुबुक! शास्त्र्यांचा हात वर गेला, शंख वाजला, आणि सिंहासन तर रिकामंच.

मग काय झालं? गादी खाली दबली. हळूच. कुणी जड माणूस टेकावा तशी. लोडावर पाठ टेकल्यासारखी घडी पडली.

हे फक्त शास्त्र्यांनी पाहिलं. पण लोक जयजयकार करत होते. अशा वेळी काय बोलणार? वारा असेल, असं म्हणून ते गप्प बसले. सुधन्वा वर चढला आणि बसला. गादी गार होती. भर वैशाखात, विहिरीच्या तळासारखी गार.

मग राजानं पहिला हुकूम दिला. "कोठारं उघडा. सगळ्यांना धान्य वाटा."

दवंडीवाला भैरू चौकात गेला, ढोल वाजवला आणि ओरडला, "कोठारांना कुलपं घाला! कुणाला दाणा द्यायचा नाही हो!"

राजा संतापला. "बहिरा झालास काय रे?"

"माझे कान शाबूत आहेत, महाराज. बायको मनातल्या मनात शिव्या देते, त्यासुद्धा ऐकू येतात मला. आपण हेच म्हणालात." दरबारात ज्याला त्याला विचारलं. सगळ्यांनी तेच ऐकलं होतं.

मग दुसऱ्या दिवशी राजा एकेक अक्षर सुटं करून म्हणाला, "चौकाचौकात दिवे लावा." आणि संध्याकाळी अख्ख्या गावात एकही दिवा लागला नाही. चुलीसुद्धा विझवल्या. लोक अंधारात बसून राहिले. आपण असं का करतोय, ते त्यांनाच कळेना.

मग तिसऱ्या दिवशी राजानं तोंडच उघडलं नाही. ओठ घट्ट मिटून बसला. तरी सगळ्यांनी त्याचा आवाज ऐकला. त्यानं स्वतःसुद्धा ऐकला, अगदी कानामागून.

"उद्या दिवस मावळताना कुमुदला माझ्या मांडीवर आणून द्या. मग ती माझी."

राजा ताडकन उठला. त्याच्यामागे गादी दबलेलीच राहिली.

मग शास्त्रीबुवांनी रडत रडत पाहिलेलं सगळं सांगितलं.

"म्हणजे कुंडली खोटी?" राजानं विचारलं.

"खोटी असती तर बरं झालं असतं, महाराज. खरी आहे. क्षण त्याला मिळाला, म्हणून राज्य त्याचं. आता तो उठेपर्यंत त्याचंच."

"तो म्हणजे कोण?"

"पत्रिकेत राज्य दिसतं. राजाचा चेहरा दिसत नाही."

सेनापती म्हणाले, "चेहरा नसला तर नसो, उचलून फेकतो!" धिप्पाड गडी आणले, सिंहासनाला दोर बांधले. दोर तुटले. सिंहासन तसूभरही हललं नाही.

मग चौथा दिवस आला. दुपारीच दासी कुमुदला नवा परकर नेसवू लागल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात वेणी घालत होते. "आऊसाहेब, आमचे हात आमचं ऐकत नाहीत!" आणि सुधन्वा? तोच बहिणीचं मनगट धरून सिंहासनाकडे निघाला. सोडायचं म्हटलं तरी बोटं उघडेनात.

"दादा, दुखतंय," कुमुद म्हणाली.

"पळ गं! चाव मला, पण पळ!"

ती चावली. तरी बोटं उघडली नाहीत.

तेव्हा आऊसाहेब म्हणाल्या, "त्याचा शब्द मोडता येत नाही ना? मग मोडायला जाऊच नका. दिवस मावळायला अजून अवकाश आहे. बसलेल्याला ओढून काढत नाहीत. त्याची पाठवणी करतात."

आपण गणपतीची उत्तरपूजा करतो ना, तशी पूजा त्यांनी मांडली. हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. दह्यापोह्यांची शिदोरी गादीवर ठेवली. मग सगळ्यांकडे वळून हळूच बजावलं, "एक ध्यानात ठेवा. देवाला निरोप देताना आपण 'पुन्हा या' म्हणतो. आज ते कुणी म्हणायचं नाही. जीभ चावा, पण म्हणू नका."

मग त्यांनी पळीभर दही घेतलं आणि जिथे हात असेल तिथे सोडलं. ते खाली पडलं नाही. हवेतच थांबलं, तळहातावर थांबावं तसं.

आऊसाहेबांनी सिंहासनाला एका बोटानं ढकललं. ते हललं! गादी हळूहळू वर आली. शिदोरी दिसेनाशी झाली. आणि फरशीवर दह्याचा एक थेंब पडला. मग त्याच्या पुढे एक. मग आणखी पुढे. थेंब दाराकडे चालले होते.

उंबऱ्याशी येऊन ते थांबले. टप. टप. टप. एकाच जागी. तो उभा होता. वाट बघत होता. कुणीतरी 'पुन्हा या' म्हणेल म्हणून वाट बघत होता.

कुमुद बिचारी वळणाची पोर, पाहुणा उंबऱ्याशी उभा राहिला की शब्द आपोआप तिच्या तोंडात यायचे. आलेच. तिनं परकराचा घोळ उचलला आणि तोंडात कोंबला. डोळे पांढरे व्हायला आले, पण तिनं तो काढला नाही.

टप. मग पायरीवर एक थेंब. मग खालच्या पायरीवर.

सुधन्वाची बोटं सुटली. कुमुदच्या मनगटावर पाच काळेनिळे वळ उमटले होते.

"आता मी बसतो," सुधन्वा म्हणाला.

"आत्ता?" शास्त्री ओरडले. "महाराज, राहुकाळ चाललाय!"

"राहू दे. पुन्हा रिकामं ठेवायचं नाही."

आणि तो बसला. गादी उबदार होती. शास्त्र्यांनी तिथेच कुंडली मांडली आणि तोंड वाकडं केलं. "अगदी साधारण राज्य आहे, महाराज. लोक ऐकतील तेव्हा ऐकतील. वाद घालतील. तोंडावर नाही म्हणतील."

राजानं घाबरत घाबरत हुकूम दिला, "कोठारं उघडा."

कोठीवाला डोकं खाजवत पुढे आला. "आत्ता नको, महाराज. अंधारात धान्य सांडेल. उद्या सकाळी उघडतो."

राजानं सिंहासनावरून उडी मारली आणि त्याला मिठीच मारली. त्याला कुणीतरी नाही म्हणालं होतं!

मग सकाळी कोठारं उघडली, दिवे लागले. सुधन्वानं पुष्कळ वर्षं राज्य केलं, रोज कुणाशी तरी वाद घालत. कुमुद मोठी झाली, सगळे सुखात राहिले.

आणि तो? पायऱ्या संपल्या तिथे दह्याचे थेंब संपले. पुढे नुसती कोरडी माती. म्हणून मी पाट मांडून हाक मारली की लगेच यायचं, बरं का. मांडलेला पाट फार वेळ रिकामा ठेवू नये.

चला, पाय पांघरुणात घ्या. डोळे मिटा. मी आहे इथेच बसलेली.