रंगारी आणि गोड्या पाण्याची विहीर

घाटावरच्या एका शहरात फार पूर्वी एक रंगारी राहत असे. त्याने दिलेला रंग वर्षानुवर्षं विटत नसे. एकदा राजवाड्यातून त्याच्याकडे लग्नाचे शेले रंगवायला आले. पण शहरावरचं मळभ काही हटेना आणि शेले वाळेनात.

“समुद्रकाठी जा, तिथलं ऊन फार छान!” असं कुणीतरी सुचवलं. रंगाऱ्याने गाठोडी बैलगाडीत घातली आणि तो घाट उतरला.

समुद्रकाठचं एक गाव पाहून तो हरखून गेला. पांढरी वाळू, वाऱ्यावर डुलणारे माड, आणि लख्ख ऊन! त्या उन्हात केशरी शेला धरला तर नुसता पेटल्यासारखा दिसे.

गावातल्या सुंदराकाकूंनी त्याला आपल्या पडवीत जागा दिली. कोकमाचं सरबत पुढे ठेवून त्या म्हणाल्या, “पाहुणे, गाव तुमचंच आहे. पण काही गोष्टी सांभाळा. भर दुपारी डोकं झाकल्याशिवाय हिंडू नका. काळ्या खडकापलीकडे पाण्यात उतरू नका. आणि गावच्या विहिरीचं पाणी फक्त सकाळी काढायचं. दुपारी तिला हात लावायचा नाही.”

“का हो काकू?”

“समुद्र तिला अगदी खेटून आहे. सकाळच्या उपशानंतर गोडं पाणी आणखी कमी झालं की तो आत शिरतो.”

रंगाऱ्याने मान हलवली. पण शेले धुवायला पाणी खूप लागे आणि सकाळचं पाणी पुरत नसे. लग्न जवळ आलं होतं. एका दुपारी सारं गाव झोपलेलं असताना तो विहिरीवर गेला. पोहऱ्यामागून पोहरे काढत राहिला. शेले स्वच्छ निघाले. वाळूवर पसरलेले ते रंग बघताना तो स्वतःवरच खूश झाला.

संध्याकाळी घरोघरी मुलं पाण्याचा घोट घेऊन थुंकू लागली. सगळे विहिरीकडे धावले. पाणी मचूळ झालं होतं!

वाळूवरचे ओले शेले सगळ्यांना दिसत होते. रंगारी मान खाली घालून उभा राहिला. आता हाकलून देतील, असं त्याला वाटलं. पण बायाबापड्यांनी हंडे उचलले आणि टेकडीपलीकडच्या झऱ्याची वाट धरली.

त्या परत आल्या तेव्हा सुंदराकाकू घामाने निथळत होत्या. त्यांनी भरलेला हंडा रंगाऱ्याच्या पुढ्यात ठेवला.

“काकू, माझ्यामुळे तुम्हाला टेकडी चढावी लागली. आणि पहिला हंडा मलाच?”

“पाहुण्याला तहानलेला ठेवायचं नाही, हाही इथला नियमच आहे,” काकू म्हणाल्या. “तो तेवढा सांगायचा राहिला.”

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याने अजून रंगवायचे राहिलेले शेले तसेच गुंडाळून ठेवले आणि बैलगाडी जुंपली. मोठाले हंडे गाडीत ठेवून तो झऱ्यावर गेला आणि घरोघरी पाणी पोहोचवू लागला. राजवाड्यातून निरोप आला, “शेले कुठे आहेत?” त्याने खरं ते कळवलं. ते काम दुसऱ्या रंगाऱ्याला गेलं. तरीही विहीर पुन्हा गोड होईपर्यंत तो तिथेच राहिला.

पुढच्या वर्षी तो बायकोमुलांना घेऊन आला. मुलं गाडीतून उड्या मारून थेट विहिरीकडे पळाली. त्याने त्यांना हाक मारून थांबवलं.

“आधी काकूंना विचारा,” तो म्हणाला. “इथे पाणी कधी काढायचं, हे गाव ठरवतं.”

काकू दारातून हसत म्हणाल्या, “या, आत या. प्यायचं पाणी भरून ठेवलंय.”

तात्पर्य एवढंच, की दुसऱ्याच्या गावचं ऊन आपल्याला भरभरून मिळत असेल, तर त्या गावचं पाणी जपणं हेही आपलंच काम असतं.