शंभर ठिपक्यांची होडी

नदीकाठच्या एका गावात रखमाजी सोमाजी तारकर या नावाचा, वयाने सहासष्ट वर्षांचा, एक नावाडी राहत असे. नाव विचारले असता तो ते असेच संपूर्ण सांगे, आणि त्या सहासष्टांपैकी चव्वेचाळीस वर्षे हाती वल्हे आहे, हेही जोडून सांगे. गावाचा बाजार, वैद्य आणि बहुतेक लेकींची सासरे पैलतीरावर होती. होडी मात्र एकच होती, आणि ती रखमाजीची होती.

त्या होडीचा एक नेम होता. दरवर्षी होळी झाली की तिला ओढून वाळूवर घेत आणि पालथी घालीत. मग भागोजी सुतार फळ्यांच्या सांध्यांतील जुना कापूस उकरून काढी, राळ व तेल यांत भिजवलेला नवा कापूस ठोकून बसवी, आणि होडी आठ दिवस उन्हात वाळू देई. त्या आठ दिवसांत रखमाजीची कमाई बंद असे. लोक दोन कोस चालून उथळ पाण्यातून नदी ओलांडीत आणि कुरकुर करीत. परंतु होडी लवकर सोड, असे कोणी म्हणत नसे.

एके वर्षी संक्रांतीच्या सुमारास दूरच्या नगरातील एका व्यापाऱ्याने गावोगाव घरटी एक आरसा फुकट वाटला. आरसा तळहाताएवढा होता. त्यात पाहिले असता आपला चेहरा न दिसता व्यापाऱ्याचे दुकान दिसे. हव्या त्या जिनसेवर बोट ठेवावे. तिसऱ्या दिवशी गाडीवान ती दारात आणून देई आणि पैसे घेऊन जाई. माल बरा असे. भावही वाजवी असत. येथवर त्या व्यवहारात काही खोट नव्हती.

परंतु व्यापाऱ्याने एक बक्षीसही लावले होते. प्रत्येक खरेदीबरोबर आरशाच्या कडेला एक सोनेरी ठिपका उमटे. असे शंभर ठिपके जमवील, त्यास पसंतीची एक मोठी वस्तू फुकट मिळावयाची होती. रखमाजीला त्या वस्तूंमध्ये एक होडी दिसली. ती सागवानी होती, तिला तांब्याचे खिळे होते आणि तिच्यावर पाण्याचा एकही डाग नव्हता. त्याने तिच्यावर बोट ठेवले.

त्या दिवसापासून उतारूंकडून मिळालेला पैसा आरशाकडे जाऊ लागला. घरात सहा छत्र्या आल्या. पक्षी नसताना पिंजरा आला. एके दिवशी त्याची पत्नी सगुणाबाई हिने गाडीवानाने दिलेले पुडके सोडले.

"अहो, हे काय आणलंत?"

"अडकित्ता."

"तिसरा आहे हा. तोंडात दात किती उरलेत?"

"प्रश्न दातांचा नाही, ठिपक्यांचा आहे. बहात्तर झाले."

"बरं झालं. मग आज पानात ठिपकेच वाढते."

होळी झाली. भागोजी सुतार नेहमीप्रमाणे राळेचे मडके आणि कापसाची गाठोडी घेऊन घाटावर आला. रखमाजीने त्यास ओट्यावर बसवून पाणी दिले आणि म्हणाला, "भागोजी, यंदा राहू दे."

"राहू दे म्हणजे?"

"होडी आठ दिवस पालथी पडली, तर हाती पैसा येणार नाही. पैसा नाही, तर खरेदी नाही. आणि सात दिवस खरेदी झाली नाही, तर सगळे ठिपके पुसले जातात. असा नियम आहे."

"कोणाचा नियम?"

"आरशाचा."

"आणि पाण्यात कापूस कुजतो, तो कोणाच्या नियमाने?"

"अरे, नवी होडी येते आहे. मरायला टेकलेल्या म्हातारीला नवी नथ कशाला घडवायची?"

शेजारी तांदूळ निवडत बसलेली सगुणाबाई मान वर न करता म्हणाली, "होडीबद्दलच चाललंय ना?"

भागोजी हसला, पण उठला नाही. "रखमाजी, एवढं तरी ऐक. तळाचे दोन सांधे पाहू दे. अर्ध्या दिवसाचं काम आहे. मला मजुरीही नको."

रखमाजीने नदीकडे पाहिले. घाटावर बाजाराचे सात-आठ उतारू उभे होते. त्यांच्या पैशांत आणखी एक ठिपका बसत होता. "नंतर पाहू," असे म्हणून त्याने वल्हे उचलले.

चैत्र सरता सरता शंभरावा ठिपका उमटला. आरशातून एक गोड आवाज आला, "अभिनंदन. आपली होडी मंजूर झाली आहे. पडताळणी होताच ती निघेल, तोवर ठिपके पुसले जाणार नाहीत. एकवीस दिवस वाट पाहावी." रखमाजीने गावात घरोघर गूळ वाटला.

बाविसाव्या दिवशी त्याने आरसा हाती घेतला. "होडी कोठे आहे?"

"आपण आमचे मानाचे गिऱ्हाईक आहात," आवाज म्हणाला.

"मान पोहोचला. होडी पोहोचली नाही."

"आपले म्हणणे वर कळवले आहे. आणखी एकवीस दिवस वाट पाहावी."

तेही दिवस गेले. तेव्हा तोच आवाज तितक्याच गोडव्याने म्हणाला, "छत्र्यांचे सहा ठिपके या बक्षिसात धरले जात नाहीत. आपले ठिपके चौऱ्याण्णव आहेत."

"मग ते उमटले तेव्हा का नाही सांगितलंत?"

"आपण आमचे मानाचे गिऱ्हाईक आहात."

रखमाजीने गाडीवानास गाठले. गाडीवान बैलांना पाणी दाखवीत होता. तो म्हणाला, "बाबा, मी फक्त माल पोहोचवतो. व्यापाऱ्याचं तोंड मीही पाहिलेलं नाही. मलासुद्धा शंभर फेऱ्यांवर नवा बैल कबूल केला होता."

"मग?"

"मग काय, हा म्हातारा अजून ओढतोच आहे."

येथे थांबावे, हे रखमाजीस कळत नव्हते असे नाही. परंतु गूळ वाटून झाला होता, आणि भागोजीच्या दारी जाऊन "पाहा ते सांधे" असे म्हणणे त्याच्या मानी स्वभावास जड गेले. त्याने आणखी सहा वस्तू घेतल्या. ठिपके पुन्हा शंभर झाले, आणि पडताळणी पुन्हा सुरू झाली. तोवर होडीच्या तळाशी पाणी झिरपू लागले होते. त्याने पायाशी एक तांब्या ठेवला आणि उतारूंची नजर चुकवून तो पाणी उपसू लागला.

आषाढ लागला. वरच्या डोंगरांतून पाणी आले आणि नदी तांबडी झाली. एके दिवशी पैलतीरावरून गावातली चिमाआजी आपल्या नातीला बाळंतपणासाठी गावी आणत होती. नातीचे दिवस भरत आले होते. तिच्या मांडीवर एक बोचके होते. त्यात आजीने चार महिने बसून शिवलेली दुपटी आणि झबली होती. होडीत आणखी चार माणसे होती.

मधल्या धारेत तळाचा सांधा उकलला. पाणी एकदम घोट्यापर्यंत आले.

"रखमाजी, हे काय?" आजीने विचारले.

"उपसा," तो म्हणाला. दुसरे काही सांगण्यास वेळ नव्हता.

माणसे घागरींनी आणि ओंजळींनी पाणी उपसू लागली. रखमाजीने डोक्याचा पटका सोडून टाचेने सांध्यात कोंबला आणि सारे बळ वल्ह्यावर घातले. होडी एका अंगाला कलली. नातीने एक हात कडेला आणि एक पोटावर धरला, तेव्हा बोचके सुटले आणि धारेबरोबर गेले. अखेर घाटापासून बरेच खाली होडी चिखलात रुतली. सहाही उतारू काठावर आले. नात सुखरूप होती.

रखमाजी चिखलात उभा राहून शिव्यांची वाट पाहू लागला. चिमाआजीने लुगड्याचा पदर पिळला, नातीचे तोंड पुसले आणि मग त्याच्याकडे पाहिले.

"आम्ही तुझ्या होडीत बसलो होतो, बाबा," ती म्हणाली. "तू मात्र आरशातल्या होडीत बसला होतास."

दुसऱ्या दिवशी सकाळी रखमाजी भागोजीच्या दारी गेला. "कापूस किती लागेल?" त्याने विचारले.

भागोजीने त्यास टोमणा मारला नाही. होडी पाहून तो म्हणाला, "आता कापसावर भागत नाही. तळाची फळी गेली. लाकूड वाळायला ऊन हवं. दिवाळीपर्यंत काही होत नाही."

चार महिने गावास होडी नव्हती. उथळ वाटही पुराखाली होती, म्हणून लोकांना सहा कोसांवरच्या दगडी पुलावरून जावे लागे. रखमाजी त्यांच्याबरोबर जाई, बाजाराचा बोजा डोक्यावर घेऊन परत येई, आणि त्याचा मोबदला घेत नसे. चिमाआजीच्या नातीस श्रावणात गावातच मुलगी झाली. सगुणाबाईने तिच्यासाठी नवी झबली शिवून दिली. आजीने ती ठेवून घेतली, परंतु रखमाजीशी ती दिवाळीपर्यंत बोलली नाही.

दसऱ्याच्या सुमारास आरसा बोलला. जुने बक्षीस संपले होते; नव्या बक्षिसासाठी दोनशे ठिपके लागणार होते. रखमाजीने आरसा फडक्यात गुंडाळून गाडीवानाच्या हाती दिला.

"फुकटचा आहे, असू द्या की घरात," गाडीवान म्हणाला.

"फुकटच होता," रखमाजी म्हणाला. "घेऊन जा."

दिवाळीनंतर होडीस नवी फळी बसली. पुढच्या होळीस ती आठ दिवस पालथी पडली, आणि त्यानंतर दरवर्षी पडत राहिली. सागवानी होडी कधीही आली नाही. गावातील इतर घरांत आरसे आहेत. लोक त्यांतून गरजेपुरते घेतात, ठिपके मोजत नाहीत.

यातून घ्यावयाचे तात्पर्य असे: कबूल झालेले बक्षीस हाती पडेपर्यंत आपले नसते, त्याच्यापायी टाळलेले काम मात्र टाळले त्या दिवसापासून आपल्याच माथी असते.