बत्तिसावा प्रश्न

“नवरा मारतो का? हो की नाही, एवढंच सांग.”

तिसऱ्यांदा विचारलं मी. चैती बोलली नाही. कुडाच्या भिंतीला टेकून बसली होती. उजवा हात मांडीवर. कोपरापासून खाली सुजून तट्ट झालेला.

माझ्या हातात संस्थेचा कागद होता. एकतीस प्रश्न. शहरातल्या ताईंना आमची वारली बोली येत नाही, म्हणून त्यांनी मला कामावर ठेवलं होतं. त्यांचं बोलणं इकडे आणायचं, इकडचं तिकडे न्यायचं. माझी बहीण वनशी विहिरीत सापडली, त्याला तेव्हा चार महिने झाले होते. संस्थेची पिशवी खांद्याला लावली की मला वाटायचं, आता एकही पोरगी मी अशी जाऊ देणार नाही. एकही नाही!

“आये, तू तरी सांग हिला!”

बुधीआय सुपात नागली पाखडत होती. ती आमची धवलेरी. आमच्या पाड्यांत लग्न लावते ती बाईच. ती गाते तेव्हा लग्न लागतं. चैतीचं तिनंच लावलं होतं. वनशीचंही. काल चैती सासरहून निघाली, तीन पाडे चालली आणि माहेरी न जाता बुधीआयच्या दारात येऊन बसली.

“कागद काय म्हणतो?” बुधीआयनं विचारलं.

“नवरा मारतो का, म्हणतो.”

“मग कागदालाच विचार. त्याला बरंच ठाऊक दिसतं.”

“थट्टा नको, आये! दुपारी तिच्या सासरचे न्यायला येणार. त्याआधी बोलली, तर ताई गाडीत घालून दवाखान्यात नेतील, चौकीत नेतील. नाही बोलली तर पुन्हा त्याच घरात! आज हात मोडलाय. उद्या…”

“उद्या काय?”

मी कागदाकडे बघितलं.

सूप थांबलं.

“तुझं विचारून झालं का?”

“कुठलं झालं? चौथ्यावरच अडलोय. अजून सत्तावीस आहेत.”

“सत्तावीस! पोलीसपाटलानंही इतके विचारले नसते.” ती उठली. माझ्या हातातला कागद काढून तिनं फळीवर ठेवला. मग माझा दंड धरला. “ऊठ. चैती, तूही ऊठ, बाय. इकडं ये, उजेडात. आणि तू तिच्या जागी बस. भिंतीला.”

“मी कशाला?”

“बस म्हटलं ना, शिडव्या.”

बसलो. समोर चैती, तिच्या पाठीमागे दार. भिंतीला बसल्यावर दार लांब वाटतं. मला ते माहीत नव्हतं.

“आता तू विचार त्याला,” बुधीआय चैतीला म्हणाली.

“ती काय विचारणार?” मी म्हणालो.

“तू गप.”

चैतीनं पहिल्यांदाच वर बघितलं.

“मी सांगलं… तर तू काय करशील?”

बोलली! पोरगी बोलली! मी गुडघ्यांवरच उठलो.

“तोडीन त्याला! आजच! तुझा नवरा रूपजी बोटीवर असला तर बंदरात जाऊन तोडीन! तू नुसती हो म्हण, बाकी मी बघतो!”

चैतीनं मान खाली घातली. पदर ओढून घेतला.

“बघ, आये,” मी म्हणालो. “किती घाबरलीय त्याला.”

“कोणाला?” बुधीआयनं विचारलं.

…

मागल्या भातकापणीत वनशी माहेरी आली होती. गाल काळानिळा. मी अंगणातच ओरडलो होतो, कुणी केलं, नाव सांग! तिनं विचारलं होतं, सांगलं तर तू काय करशील? तेव्हाही मी असंच म्हणालो होतो. कोयता कमरेलाच होता. मग ती हसली. म्हणाली, “काय नाय रं, बांधावरून पडले.” आणि भाकरी करायला आत गेली.

हे सगळं मी मनात म्हणत होतो की मोठ्यानं, मला कळलं नाही. मोठ्यानंच असणार. कारण मी थांबलो तेव्हा चैती डाव्या हातानं पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवत होती.

“पी.”

मी प्यायलो. अर्धं अंगावर सांडलं. नाक पुसलं. बुधीआयनं माझ्याकडे बघितलं नाही. ती नागलीतले खडे वेचत होती.

“आता सांग,” चैती म्हणाली. “मी सांगलं तर काय करशील?”

“माहीत नाही.”

“खरं?”

“खरंच माहीत नाही गं.”

ती थोडी पुढं सरकली.

“रूपजी नाय मारत. त्यानं कधी बोटही नाय लावलं. तो आठ म्हैने बोटीवर असतो. दिरानं मारलं. घरात एकटी बघून येतो. मी नाय म्हटलं, म्हणून मुसळ घातलं. सासूला ठाऊक आहे. सासूनं माना सांगलं, आपल्या घरातलं घरात ठेव.”

रूपजी! मी रूपजीला तोडणार होतो.

वनशीच्या नवऱ्याच्या दारात मी दोनदा कोयता घेऊन गेलोय. वनशीनं कुणाचंच नाव घेतलं नव्हतं.

तेवढ्यात खाली रस्त्यावर गाडीचा भोंगा वाजला. मी ताडकन उठलो.

“ताई आल्या! थांब, मी सांगतो त्यांना! दीर, मुसळ, सासू, सगळं सांगतो!”

“मी सांगन,” चैती म्हणाली. “मी म्हणन तेवढंच तू त्यांच्या बोलीत कर. जास्त नको.”

“हो.”

“आणि कमी पण नको.”

“नाही, नाही!”

“आणि मागनं चाल. तू पुढं असलास की लोक तुलाच बघतात.”

“चालतो! मागनंच चालतो!”

ती उठली. मोडका हात बुधीआयनं फडक्यानं गळ्यात बांधून दिला. चैती दाराबाहेर पडली आणि उताराला लागली. तिची चाल हळू होती. मी तिच्या मागं होतो, शपथेवर सांगतो. पण गाडी दिसली, ताई दिसल्या, आणि पाय माझं ऐकेनात. रस्त्याकडच्या आंब्याजवळ पोचलो तेव्हा मी दोन्ही हात हलवत ओरडत होतो, “ताई! ताई, ती बोलली!”

चैती वीस पावलं मागं उभी होती. थांबलेली.

वरून, दारातून, बुधीआयची हाक आली. लग्नात सात पाड्यांना ऐकू जातो तो आवाज.

“शिडव्या! वाट तिला माहीत आहे.”