मागून दिलेली हाक

“...पण मागच्या बाजूला लिहिलं तर बिघडलं कुठं, अप्पाजी? लिहिलेलं असतंच ना?”

अप्पाजी पत्रावळ्या पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

उदगीरकडच्या एका लहानशा मठाचे ते स्वामी. प्रश्न विचारणारा विरूपाक्ष हलकुडे त्यांचाच विद्यार्थी. मठाच्या वसतिगृहात राहून तो शिकला, आहारशास्त्रात त्यानं डॉक्टरेट मिळवली आणि आता तो दिल्लीत एका सरकारी समितीवर होता. बिस्किटं, वेफर्स, सरबतं, मुलांच्या दुधात घालायच्या पावडरी अशा पाकिटांवर काय छापायचं, याचा नियम ती समिती ठरवणार होती.

समितीत दोन तट पडले होते. साखर, मीठ किंवा तेल जास्त असेल तर तसा इशारा पाकिटाच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत हवा, असं काहींचं म्हणणं. कंपन्यांची बाजू घेणारे म्हणत, आकडे मागे छापलेले असतात, तेवढं पुरे. मतं समसमान पडली होती आणि निकाल विरूपाक्षाच्या मतावर अडला होता.

त्यानं मधली वाट काढली होती. सगळे आकडे द्यायचे, एकही लपवायचा नाही, पण मागच्या बाजूला. पुढची बाजू कंपनीची. अहवाल लिहून तयार होता, उद्या पाठवायचा होता. त्याआधी गुरूंचा आशीर्वाद घ्यावा म्हणून तो मठात आला होता.

समितीचं अध्यक्षपद बहुतेक आपल्याकडे येईल, हेही त्यानं बोलता बोलता सांगून टाकलं. नम्रपणे बढाई मारायला माणूस दिल्लीत फार लवकर शिकतो.

“सगळं खरं लिहिणार?” अप्पाजींनी विचारलं.

“अक्षर न् अक्षर.”

“आणि कुणी वाचलंच न्हाई तर?”

“तो त्याचा प्रश्न आहे, अप्पाजी. माणसाला अक्कल आहे, पाकीट उलटायला हात आहेत. आपण काय प्रत्येकाच्या मागं लागायचं?”

अप्पाजींनी पुसलेल्या पत्रावळ्या एकावर एक रचल्या.

बाहेर अंगणात दासोहाची पंगत बसत होती. दर सोमवारी येईल त्याला मठात जेवण असतं, त्यालाच तिकडे दासोह म्हणतात. त्या दिवशी हुग्गी केली होती, म्हणजे गव्हाची गूळ घालून शिजवलेली खीर. तिचा वास आतपर्यंत येत होता.

“आज हुग्गी तू वाढ,” अप्पाजी म्हणाले.

विरूपाक्षाला बरं वाटलं. वसतिगृहात असताना त्यानं कितीतरी वेळा वाढलं होतं. त्यानं शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

“फकत हाक द्यायची न्हाई.”

तो थबकला. वाढपी बादली घेऊन निघाला की पदार्थाचं नाव पुकारत पुढे सरकतो. जेवणारा खाली मान घालून जेवत असतो, नाहीतर शेजाऱ्याशी बोलत असतो. हाक कानावर आली की ज्याला नको असेल तो पानावर हात आडवा धरतो आणि वाढपी पुढे जातो. ही रीत त्या मठात कुणी कुणाला शिकवत नाही, सगळ्यांना ती येतेच.

“हाक नाही द्यायची?”

“द्यायची की. वाढून झाल्यावर. रांगेच्या मागून जा आणि हुग्गीत काय काय हाय ते सांग. एक अक्षर गाळू नको. पण हळू सांग.”

विरूपाक्ष हसला. अप्पाजींच्या मनात काय आहे ते आपण ओळखलं, असं त्याला वाटलं. शहाण्या माणसाला दृष्टांत लगेच कळतो, आणि तिथेच त्याचं नुकसान होतं.

“समजलं मला, अप्पाजी. पण पाकीट वेगळं, पंगत वेगळी.”

“आसंल. मग वाढायला काय हरकत हाय?”

हरकत काहीच नव्हती. त्यानं बादली उचलली.

पहिली रांग झपाट्यानं झाली. ओगराळं बुडवायचं, पानात रिकामं करायचं, पुढे सरकायचं. एका म्हाताऱ्यानं पानात पडल्यावर मान वर केली, हुग्गीकडे पाहिलं, उसासा टाकला आणि खायला लागला. विरूपाक्ष तेव्हा दोन पानं पुढे गेला होता.

मग ठरल्याप्रमाणे तो रांगेच्या मागून, भिंतीच्या कडेनं गेला. गहू, गूळ, तूप, सुंठ, वेलची... त्यानं सगळं सांगितलं. एकानंही वळून पाहिलं नाही. भिंतीला मात्र सगळं नीट कळलं.

दुसऱ्या रांगेत गावातल्या नागम्माबाई बसल्या होत्या, वसतिगृहाच्या दिवसांपासून त्याच्या ओळखीच्या. काठी शेजारी आडवी ठेवलेली, डाव्या पावलाला पट्टी. त्या शेजारणीशी बोलत होत्या.

त्यांचा हात पानावर आला, पण उशिरा. ओगराळं कलंडलं होतं. निम्मी हुग्गी त्यांच्या मनगटावर पडली आणि निम्मी पानात.

“भाजलं का, मावशी?” विरूपाक्षानं बादली खाली ठेवली.

“न्हाई बाबा.” त्यांनी पदरानं मनगट पुसलं. “आज हाक आली न्हाई बघ. शुगर हाय मला. पायाचं बोट काढलंय त्यापायी.”

आणि त्यांनी पानाला हात लावून नमस्कार केला, हुग्गीचा घास उचलला.

“मावशी, खाऊ नका.”

“पानात पडलंय की आता. दासोहाचं टाकू कसं?”

त्या रागावल्या नव्हत्या. तक्रारही करत नव्हत्या. पडलं ते पडलं, आता खायचं, एवढंच त्यांच्या बोलण्यात होतं.

विरूपाक्षाला लाज वाटली. समितीत त्यानं कितीदा म्हटलं होतं की खाणाऱ्याला निवड करता येते. नागम्माबाईंनी निवड केली होती. त्यांचा हात पानावर आला होता.

तो वाकला. त्यांच्या हातातला घास त्यानं आपल्या हातात घेतला आणि खाल्ला. मग पानात उरलेली हुग्गी बोटांनी निपटून तीही खाल्ली, सगळी, शेवटच्या दाण्यापर्यंत. जीभ पोळली. रांगेतली माणसं जेवायची थांबून दिल्लीच्या साहेबाकडे बघत राहिली.

“झालं, मावशी. टाकलं नाही.”

नागम्माबाईंनी रिकामं पान पुढे ओढून घेतलं.

त्यानं बादली उचलली आणि ओरडला.

“हुग्गी! गुळाची हुग्गी!”

वसतिगृहातला त्याचा जुना आवाज होता तो. त्यानं पाऊल टाकायच्या आधीच रांगेत हात आडवे व्हायला लागले. इथे एक, तिथे दोन, पलीकडे आणखी एक. इतके असतील असं त्याला वाटलं नव्हतं. बाकीच्यांनी पानं पुढे सरकवली. एकानं तर जास्त वाढ म्हणून खूण केली.

आत अप्पाजींकडे परत आला तो रागावूनच.

“तुम्हाला माहीत होतं. त्या तिथं बसल्यात हे तुम्हाला माहीत होतं.”

“न्हाई,” अप्पाजी म्हणाले. “तुला होतं?”

“मला कसं माहीत असणार? एवढ्या माणसांत...”

तो मध्येच थांबला.

“म्हणून तर हाक आसती,” अप्पाजी म्हणाले.

विरूपाक्षाचा आवाज खाली आला. कंपन्यांचं म्हणणं त्यानं सांगितलं. पुढे लिहिलं तर लोक घाबरतील, घेणारच नाहीत, धंदा बसेल. हे त्यालाही काही दिवस खरं वाटलं होतं.

“बादली बघू,” अप्पाजी म्हणाले.

विरूपाक्षानं बादली तिरकी केली. तळाशी थोडं तूप चिकटलेलं होतं, बाकी काही नव्हतं.

“हाक देऊनबी संपली की,” अप्पाजी म्हणाले.

विरूपाक्षानं पिशवीतून अहवाल काढला. फाडला वगैरे नाही, तसली नाटकं त्याला आवडत नसत. पेन काढून त्यानं एक ओळ खोडली आणि वर लिहिलं, पुढच्या बाजूला, मोठ्या अक्षरांत. थोडा विचार केला.

“नागम्मामावशींना वाचता येतं?”

“न्हाई.”

त्यानं खाली आणखी एक ओळ घातली, वाचता येत नाही त्याच्यासाठी ठळक खूण. मग आकड्यांऐवजी साधे शब्द, तेही त्या त्या राज्याच्या भाषेत. आता लिहिताना तो थांबला नाही. शेवटी सही केली आणि पेनाचं टोपण लावलं.

“हे मी आता सोडणार नाही, अप्पाजी. वरून हा कागद अडवला तर पुढच्या समितीपुढे मांडीन. तिथं नाही झालं तर बाहेर बोलेन.”

“हं.”

“पण तुम्हाला सांगून ठेवतो. हा कागद गेला की अध्यक्षपद तर गेलंच. समितीवरही ठेवणार नाहीत. खुर्चीवरून उठवतील मला.”

त्याला वाईट वाटत होतं आणि ते त्यानं लपवलं नाही. ती खुर्ची मिळवायला त्यानं फार वर्षं घालवली होती.

अप्पाजी रिकामी बादली घेऊन उठले. दाराशी जाऊन थांबले...

“विरू,” ते म्हणाले, “वाढणारा कधी बसलेला बघितलास का?”