बंदुकीचा डाग आणि मिशीचा केस

"डाग? आमच्या बंदुकीवर डाग?"

तासगिरीचे महाराज रणधवलराजे असे कडाडले की महिरपीवरची कबुतरं भुर्रकन उडाली. समोर सटवाजी लोहार जमिनीकडे बघत होता. त्याची लेक गोजरा शेजारी उभी होती, ती मात्र कबुतरं बघत होती.

संध्याकाळी युवराजांचं बारसं. नाव ठेवलं की महाराज स्वतः नव्या बंदुकीचा बार काढणार होते. सगळं तयार होतं, अडलं होतं पेटीपाशी. पेटी म्हणजे नळी आणि लाकडी दस्ता यांच्या मधला पोलादी भाग. तिच्यात एक दांडी सरकते आणि गोळीला मागून घट्ट कोंडून धरते. सटवाजीनं दोन पेट्या आणल्या होत्या. एक लख्ख, दुसरीवर भट्टीत पडलेला हरभऱ्याएवढा काळा डाग.

"ही लख्ख बसव!"

"महाराज, आतून-बाहेरून तुमची मिशी दिसंपतूर घास, असा हुकूम होता. घासली. आता दांडी सैल झालीया. बार काढला तर जाळ मागं येईल, तुमच्या तोंडावर! डागाची पेटी मातूर मापात हाय."

"म्हणजे आमचा हुकूम चुकला?"

सटवाजीनं डागाची पेटी पुढं सरकवली.

महाराजांचा जीव दोनच गोष्टींत, चकाकीत आणि मिशीत. ते मिशी पिळत म्हणाले, "ठीक! मग हिचाच डाग घालव. पण कानस लावायची नाही, रंग फासायचा नाही आणि मापात केसाएवढाही फरक पडता कामा नये! बारशापर्यंत डाग गेला नाही, तर भट्टी विझवायची आणि राज्याबाहेर चालू पडायचं!"

सटवाजीनं हात जोडले. तीन पिढ्यांची भट्टी!

"घालवते की!" गोजरा म्हणाली. "त्यात काय!"

संध्याकाळी दरबार भरला. पाळण्यात युवराज अंगठा चोखत होते. गोजरानं दोन्ही पेट्या चौरंगावर मांडल्या. डाग जिथल्या तिथं!

"अगं, हा तर तसाच आहे!"

"आधी माप बघा, महाराज. केसाएवढाबी फरक नको म्हणालात, तर एक केस द्या."

"कसला केस?"

"मिशीचा! डोईचा लई बारीक पडंल."

शेजारी उभे असलेले झुपकेदार मिशांचे दिवाणजी दोन पावलं मागं सरकले. महाराज लालबुंद झाले. पण शब्द त्यांचाच होता! डोळे मिटून त्यांनी एक केस उपटला.

"आई गं!"

गोजरानं तो केस लख्ख पेटीत ठेवून दांडी ढकलली. दांडी सुळकन आत गेली, केसाला पत्ताही नाही. मग तोच केस डागाच्या पेटीत ठेवला. दांडी अडली. महाराजांनी स्वतः जोर लावला, तरी हलेना. केस काढला, तशी अलगद सरकली.

"माप कबूल!" ओठ चोळत महाराज म्हणाले. "पण डाग? डागाचं काय?"

गोजरा पाळण्याशी गेली. पदराचं टोक तिनं युवराजांच्या गालाला लावलं मात्र, राणीसाहेब किंचाळल्या, "अगं, अगं! काय करतेस?"

"गालावर काळा डाग हाय. पुसते."

"खबरदार!" महाराज ताडकन उठले. "तो डाग नव्हे! तीट आहे ती! एवढ्या लोकांच्या नजरा पोरावर, दृष्ट नाही का लागणार?"

"आन् बंदुकीवर न्हाईत व्हय नजरा?" गोजरानं पेटी उचलून त्यांच्यासमोर धरली. "कानस लावली न्हाई, रंग फासला न्हाई. तुमच्या एका शब्दानं डागाची तीट झाली, महाराज! आता सांगा, पुसू?"

महाराजांनी पेटीकडे पाहिलं, युवराजांकडे पाहिलं. मग मिशी हलायला लागली, पोट हलायला लागलं आणि ते असे गदगदून हसले की युवराजांनी भोकाड पसरलं.

डागाची पेटी बंदुकीत चढली. बार असा दणकेबाज निघाला की कबुतरं पुन्हा उडाली! सटवाजीची भट्टी कायमची राहिली आणि महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं गोजराच्या हातात घातलं.

"आजपासून शिलेखान्यातली प्रत्येक बंदूक तू तपासायची! नीट उतरली की तीट लावायची!"

"व्हय महाराज. पर दरवेळी केस..."

महाराजांनी दोन्ही हातांनी मिशी झाकली.

"दिवाणजींचा घे!"