ब्राँझच्या बाळाचं पाऊल

बालवाडीच्या पहिल्या दिवशी पोरं माझ्या ऋजूला ढकलतील, चिमटे काढतील, या काळजीने मला झोप लागली नाही. सकाळी तिची वेणी घालताना मी एक गोष्ट सांगायला घेतली. तिला कमी, स्वतःलाच जास्त.

दीडेकशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका चर्चमध्ये ब्राँझची मरियामाता बसवली होती. तिच्या मांडीवर बाळ येशू. प्रार्थनेला येणारा प्रत्येक जण बाळाच्या पावलाला हात लावी. त्यामुळे बाकीचं अंग काळपट झालं, तरी पाऊल सोन्यासारखं चकाकायचं.

मरिया मात्र धास्तावली. दाराजवळच्या लोखंडी कठड्याला म्हणाली, "माझं लेकरू झिजतंय रे! तू जरा मध्ये येऊन उभा राहा."

"राहतो की," कठडा म्हणाला, "पण बाई, मला निवड करता येत नाही हं. मी सगळ्यांनाच अडवतो."

तो आडवा उभा राहिला आणि हात लागायचे बंद झाले. पाऊलही हळूहळू काळं पडलं. एके दिवशी बाळ म्हणालं, "आई, ती मासेवाली मुलगी का गं येत नाही? तिच्या ओल्या हातांनी मला गुदगुल्या व्हायच्या."

मरियाने बाळाच्या काळ्या पडलेल्या पावलाकडे पाहिलं. मग म्हणाली, "कठड्या, सरक बाबा."

"झिजेल हं!"

"झिजू दे थोडं. हसेल तरी."

एवढं सांगून मी आशेने ऋजूकडे पाहिलं. तिने जरा विचार केला.

"मग तू शाळेच्या फाटकाबाहेरच थांब," ती म्हणाली. "डबा मात्र आत्ताच माझ्याकडे दे."