टेकडीवरची भेकरी आणि दहाची मोजणी

एका जंगलाच्या कडेला, विजेच्या उपकेंद्राच्या कुंपणापलीकडे, एक भेकरी राहत असे. भेकरी म्हणजे कुत्र्यासारखी भुंकणारी हरिणी. हसू नका मुलांनो, खरेच भुंकते ती! तिला एकुलते एक पाडस होते. ते रोज संध्याकाळी ओढ्यावरच्या पाणवठ्यावर जाई आणि भेकरी मात्र समोरच्या टेकडीवर एकटीच उभी असे. हे काम तिच्या गळ्यात कावळ्याने घातले होते.

हा कावळा उपकेंद्राच्या खिडकीत बसायचा. आत टेंभुर्णे मॅडम नव्या माणसांना रिले शिकवीत आणि हा फुकटचा विद्यार्थी सगळे पाठ करून जंगलात येई. "ऐका रे," त्याने सगळ्यांना जमवून सांगितले होते, "रिले म्हणजे पहारेकरी. काही बिघडलं की तो नुसती हाक देतो. वीज तोडायचं काम ब्रेकरचं. आपल्यात ब्रेकर म्हणजे तुमचे पाय. हाक आली की उचलायचे! खालच्या पाणवठ्यावर पहिला रिले टिटवी. ती ओरडली की तेवढाच पाणवठा रिकामा करायचा. टेकडीवर भेकरी, ती बॅकअप. टिटवी चुकली तरच तिनं भुंकायचं, आणि ती भुंकली की ओढ्यावरचे तिन्ही पाणवठे रिकामे. म्हणून तिला उशीर लावून दिलाय. गवत हललं की झाला पिकअप, म्हणजे मोजणी सुरू. तिथून शेपटी दहा वेळा उडवायची, मग हाक. मध्येच गवत शांत झालं तर रिसेट, मोजणी पुन्हा शून्यावर. बिबट्याला दबकत यायला पंधरा मोजेपर्यंत वेळ लागतो. मी स्वतः मोजलंय."

टिटवी कधी चुकत नसे. त्यामुळे भेकरीवर भुंकायची वेळच येत नसे. पण तिला भुंकायची हौस नव्हती हो, तिचा जीव खाली अडकलेला होता. पाडस पाणी कसे पिते, कुणाशी खेळते, घसरले तर कोण उठवते, हे सगळे तिला लांबूनच पाहावे लागे. वाऱ्यावर त्याचा वाससुद्धा वर येत नसे. आणि ते गुलाम एकदाही टेकडीकडे मान वळवताना तिला दिसले नव्हते. "माझी आठवण तरी येते का रे तुला?" असे ती मनाशीच म्हणे आणि तिचे डोळे भरून येत.

एके संध्याकाळी पाणवठ्याजवळचे गवत हलले. भेकरीने शेपटी उडवली. एक, दोन, तीन... आणि तिला राहवेना. आज तरी पाडसाला कळू दे की आई इथे उभी आहे! ती भुंकली. झाले, तिन्ही पाणवठ्यांवर एकच पळापळ उडाली. गवतातून बाहेर आले ते चिखलात लोळायला निघालेले रानडुक्कर. टिटवीने ते आधीच ओळखले होते, म्हणून ती गप्प होती. सारे जंगल तहानलेले राहिले, आणि पाडस भलत्याच दिशेला पळाले ते दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर सापडले.

कावळा तणतणत आला. "अगं बाई, बिघाड नाही, काही नाही, आणि अंधार सगळ्या गावात! वरवरची खळबळ विरून जावी म्हणून तर ते दहा असतात." भेकरी खाली मान घालून म्हणाली, "चुकलं माझं. पण तुला नाही कळायचं रे, दहा किती लांब असतात ते."

आठ दिवसांनी गवत पुन्हा हलले. या वेळी त्यात पिवळ्या अंगावरचे काळे ठिपके भेकरीला स्पष्ट दिसले. बिबट्या! आणि त्याच्या सर्वांत जवळ कोण, तर तिचे पाडस. टिटवीचा आवाज नाही. ती बिचारी उपकेंद्राच्या खडीत होती. तिथल्या तिच्या अंड्यातून त्याच वेळी पिल्लू बाहेर येत होते. भेकरीला यातले काहीच ठाऊक नव्हते. टिटवी आता ओरडेल, मग ओरडेल, म्हणून ती मोजत राहिली. चार. पाच. सात. पाडस अजून पाणीच पीत होते. आठ. नऊ. दहा!

ती अशी भुंकली की टेकडी दणाणली. बिबट्याने झेप घेतली तेव्हा पाणवठ्यावर फक्त हलणारे पाणी उरले होते. पाडस थेट टेकडी चढून तिच्या कुशीत शिरले. तिने त्याला चाटून चाटून ओले केले. "घाबरलास ना रे, राजा?"

"नाही," पाडस धापा टाकत म्हणाले, "मी मोजत होतो ना. पाण्यात तुझी पांढरी शेपटी दिसते, आई. रोज दिसते. ती उडायला लागली की मीपण मोजतो."

"मग एकालाच का नाही पळालास?"

"तुझी हाक दहाला ठरलीय म्हणून. त्या दिवशी तू तीनालाच ओरडलीस, तेव्हा मला कळेचना कुठे जायचं ते."

दुसऱ्या संध्याकाळी पाडस पाणवठ्यावर गेले आणि भेकरी टेकडीवर आपल्या जागी जाऊन उभी राहिली. गवत हलत नव्हते, तरी तिने एकदा शेपटी उडवली. खाली पाडसाने पाण्यातून तोंड वर काढले आणि आपली इवलीशी शेपटी उडवली.

तात्पर्य : ज्याला मागे उभे राहून आपल्या वेळेची वाट पाहायची आहे, त्याने ओढीपायी ती वेळ मोडू नये; दूरवर कुणीतरी तिच्याच भरवशावर निर्धास्त असते.